सी. रामचंद्र: चालींची बांधणी, वाद्यमेळ आणि ध्वनिमुद्रणं

शेलॅक७८
संगीतकार सी. रामचंद्र म्हटलं की चर्चा दोनच वाटांनी जाते. एक तर 'ईना मीना डीका', 'गोरे गोरे', 'शोला जो भडके' अशी यादी द्यायची आणि "हिंदी सिनेमात पाश्चात्त्य ठेका यांनीच आणला" म्हणून मोकळं व्हायचं. नाहीतर 'अनारकली'तली लताबाईंची गाणी काढून उसासे टाकायचे. वाचणाऱ्याला वाटावं, ही दोन वेगळ्या माणसांची कामं आहेत. या धाग्यात चाल, ठेका, वाद्यं आणि ध्वनिमुद्रण एवढ्यावरच बोलू. माझं म्हणणं आधीच सांगतो: दोन्ही प्रकारांत अण्णांची (म्हणजे सी. रामचंद्रांची) बांधणी एकच आहे. मुखडा नुसत्या पेटीवर म्हटला तरी पुरा वाटतो, शब्दाचं वजन ठेक्याच्या ठोक्यावर पडतं, आणि वाद्यमेळ काढून घेतला तरी चाल लुळी पडत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म १२ जानेवारी १९१८, पुणतांबे, नगर जिल्हा. नागपूरला शंकरराव सप्रे आणि पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे शिक्षण. १९३५ च्या 'नागानंद'मध्ये नायकाचं काम केलं, चित्रपट पडला. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बुंदू खाँ आणि हबीब खाँ या संगीतकारांच्या हाताखाली पेटी. स्वतंत्र संगीतकार म्हणून सुरुवात 'जयकोडी' आणि 'वनमोहिनी' या तमिळ चित्रपटांनी झाली. हिंदीत मास्टर भगवानचा 'सुखी जीवन' (१९४२). नाव झालं ते 'शहनाई'पासून (१९४७). पुढची ठळक नावं: 'पतंगा' (१९४९), 'समाधी' आणि 'सरगम' (१९५०), 'अलबेला' (१९५१), 'अनारकली' (१९५३), 'आझाद' (१९५५), 'आशा' (१९५७), 'नवरंग' (१९५९). साठच्या दशकात हिंदीतलं काम ओसरलं. मराठीत 'घरकुल' (१९७०). निधन ५ जानेवारी १९८२, मुंबई.

मध्यलय
जुन्या तबकड्या किंवा श्रेयनामावल्या चाळणाऱ्यांसाठी आधीच एक सूचना. फक्त 'सी. रामचंद्र' या नावाने शोधलंत तर चाळिशीच्या दशकातलं बरंच काम हाताला लागणार नाही. सुरुवातीच्या चित्रपटांवर 'राम चितळकर' आहे, काही ठिकाणी 'अण्णासाहेब', एका ठिकाणी 'श्यामू'. गायक म्हणून मात्र नुसतं 'चितळकर'. ऑनलाइन याद्यांमध्ये गायक चितळकर आणि संगीतकार सी. रामचंद्र या दोन वेगळ्या व्यक्ती धरलेल्या सर्रास दिसतात, त्यामुळे 'अलबेला'तली भगवानची द्वंद्वगीतं एकीकडे आणि संगीतकाराची यादी दुसरीकडे असा घोळ होतो. देवनागरीत शोधताना 'चितलकर' हे हिंदी रूपही घालून बघा.

खर्जातला
शेलॅक, मुद्दा चांगला आहे, पण "वाद्यमेळ काढला तरी चाल उभी राहते" हे सगळीकडे लावू नका. 'शोला जो भडके'मध्ये बोंगो (हाताने वाजवायचे दोन छोटे जोडढोल), ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन एवढं सगळं आहे, आणि त्या गाण्याची निम्मी ओळख त्या तुकड्यांत आहे. ते काढा आणि काय उरतं बघा. शिवाय त्या तुकड्यांचं श्रेय कुणाचं, हा प्रश्न आहेच. चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, हा गोव्याचा ट्रंपेटवादक अण्णांच्या वाद्यमेळात होता, 'अलबेला'त आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. जॉनी गोम्स साहाय्यक होते. 'ईना मीना'मधले कोकणी 'माका नाका' त्यांच्याकडूनच आले असं सांगतात. ही मंडळी रात्री हॉटेलात जॅझ वाजवणारी. त्यांच्याशिवाय हा आवाज निघालाच नसता.

शेलॅक७८
श्रेयाबद्दल पूर्ण सहमत. पण काम कसं वाटलेलं असायचं ते बघितलं तर दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या ठरतात. त्या काळचा साधारण क्रम असा. बैठकीत गीतकार आणि संगीतकार, सोबत पेटी आणि तबला किंवा ढोलक. इथे मुखडा, अंतरा, ठेका आणि पट्टी ठरते. मग संगीतकार ती चाल अरेंजरला, म्हणजे वाद्यमेळ बांधणाऱ्याला, गाऊन दाखवतो. अरेंजर ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवतो, कारण व्हायोलिन आणि ब्रासची (ट्रंपेटसारख्या पितळी फुंकवाद्यांची) गोव्याची मंडळी कागद बघून वाजवणारी, तर सतार, बासरी, सारंगी, तबला ही मंडळी ऐकून वाजवणारी. सुरुवातीचा तुकडा, दोन अंतऱ्यांमधले तुकडे आणि गाण्याच्या मागची भरणी यांत अरेंजरचा हात मोठा. संगीतकार कधी तो तुकडाही गाऊन देतो, कधी फक्त "इथे आठ बार (पाश्चात्त्य तालाची आवर्तनं) ब्रास" एवढंच सांगतो.

म्हणजे तुम्ही म्हणता ती निम्मी ओळख बैठकीनंतर तयार होते. माझं म्हणणं बैठकीत तयार झालेल्या भागाबद्दल आहे. 'शाम ढले खिडकी तले' नुसतं टाळीवर म्हणून बघा, मुखड्याचा ठेका शब्दांतूनच कळतो. राजेंद्र कृष्ण यांच्याशी जोडी जमण्याचं कारणही हेच असावं. छोटे शब्द, पटकन येणारं यमक, जोडाक्षरं कमी. त्याआधी 'शहनाई'त पी. एल. संतोषींबरोबर हाच प्रकार झाला होता. 'आना मेरी जान संडे के संडे'त शीळ आहे, पण शीळ वगळली तरी गाणं ओळखू येतं.

खर्जातला
इतपत मान्य. 'पतंगा'तलं 'मेरे पिया गये रंगून' हे तुमच्या बाजूचं आणखी चांगलं उदाहरण. फोनवरचा संवाद आहे, शमशाद बेगम आणि चितळकर. बोलण्याची लय आणि गाण्याची लय एकच ठेवली आहे, वाद्यांना फारसं काम नाही.

बोंगोवाला
वाद्यवृंदात ही गाणी वाजवणाऱ्यांसाठी ठेक्याचं बोलतो, कारण नव्वद टक्के ठिकाणी ती इथेच पडतात.

'ईना मीना डीका' हे स्विंगच्या, म्हणजे जॅझमधल्या झुलत्या लयीच्या, अंगाचं आहे. चार मात्रांच्या बारमध्ये प्रत्येक मात्रेचे दोन भाग करा, पण सारखे नाही. मात्रेचे तीन भाग कल्पून पहिल्या स्वराला दोन भाग आणि दुसऱ्याला एक. ऑक्टोपॅडवर किंवा ढोलकवर सरळ केहरवा लावला की दोन्ही भाग समान होतात आणि गाणं कवायतीसारखं ऐकू येतं. वादकाला सांगून कळत नसेल तर त्याला दादऱ्याच्या तिन्हीवर टाळी द्यायला लावा आणि मधली टाळी गिळायला सांगा. एक-(दोन)-तीन, एक-(दोन)-तीन. ते अंगात बसलं की मग ड्रमकडे जायचं. बेस गिटार असेल तर प्रत्येक मात्रेवर एक स्वर, चालत जाणारा. दोनच मात्रांवर वाजवला तर गाणं लंगडतं.

'शोला जो भडके' आणि 'गोरे गोरे' यांचं उलट आहे. ती लॅटिन अंगाची, तिथे समान भागच हवेत. बोंगोचा पायाभूत ठेका आठ आघातांचा: पहिला आणि पाचवा आघात लहान तोंडावर जोरदार, सातवा मोठ्या तोंडावर, बाकीचे बोटांनी हलके भरायचे. चूक हमखास एकच होते. मोठ्या तोंडाचा घुमणारा आघात पहिल्यावर टाकतात, कारण आपल्याकडे समेवर डग्गा घुमायची सवय. तसं झालं की लॅटिन जातं आणि केहरवा उरतो. बोंगो ढिले ठेवू नका, लहान तोंड चांगलं चढवून ठेवा. तबल्यासारखं नेमकं सुरात लावायची गरज नाही, पण दोन तोंडांत स्पष्ट अंतर हवं.

लय वाढणं हा वेगळा रोग. 'अलबेला'च्या गाण्यांवर लोक नाचायला लागले की वाद्यवृंद पळतो. मूळ ध्वनिमुद्रणाच्या मात्रा पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा, तो आकडा मेट्रोनोमवर ठेवून ड्रमरच्या एका कानात द्या. जितकं पळेल तितके शब्द चुरगळतात, आणि ही गाणी शब्दांवर उभी आहेत.

अंतरा_दोन
बोंगोवाला, हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. ब्राससाठी पट्टी कोणती ठेवावी? गायिका पांढरी तीन (पेटीची तिसरी पांढरी पट्टी, म्हणजे ई) म्हणते आणि ट्रंपेटवाला तोंड वाकडं करतो.

बोंगोवाला
त्याचं तोंड वाकडं होणं साहजिक आहे. ट्रंपेट आणि क्लॅरिनेट ही बी-फ्लॅटची वाद्यं, म्हणजे कागदावर एक पूर्ण सूर वर लिहावं लागतं. आल्टो सॅक्स ई-फ्लॅटचा, तिथे शुद्ध धैवताइतकं वर. सा पांढरी तीनला धरला तर ट्रंपेटचा सा एफ-शार्प होतो, सहा शार्प. आल्टोचा सी-शार्प, सात शार्प. जलद तुकड्यात बोटं अडकतात. तेच काळी एक ठेवलीत तर ट्रंपेटचा सा ई-फ्लॅट आणि आल्टोचा बी-फ्लॅट, दोन्ही रोजच्या पट्ट्या. पांढरी चार आणि काळी दोन याही सोयीच्या. गायिकेला पांढरी तीनच हवी असेल तर काळी दोन किंवा पांढरी चार यांपैकी एक मान्य करवून घ्या. अर्ध्या सुराने तिचं फारसं बिघडत नाही, ब्रासचं मात्र सगळं सुधारतं.

काफीथाट
'लताची विरहगीतं' म्हणून जो गठ्ठा केला जातो त्याबद्दल. 'अनारकली'त 'ये जिंदगी उसी की है' भीमपलासच्या अंगाचं आणि 'जाग दर्द-ए-इश्क जाग' (हेमंतकुमार, लता) बागेश्रीच्या. दोन्ही काफी थाटाचे राग, गंधार-निषाद दोन्हीकडे कोमल. एकाच चित्रपटात दोन्ही ठेवून ती एकमेकांत मिसळू दिली नाहीत, ही कारागिरी बघण्यासारखी आहे.

फरक कुठे ठेवायचा ते शिकणाऱ्यांसाठी लिहितो. भीमपलासच्या आरोहात रिषभ-धैवत नाहीत: नि॒ सा ग॒ म प नि॒ सां (खाली रेघ म्हणजे कोमल स्वर). अवरोहात सगळे: सां नि॒ ध प म ग॒ रे सा. मध्यम आणि पंचम भक्कम. बागेश्रीत जोर मध्यम आणि धैवतावर, ग॒ म ध नि॒ सां असं चढायचं, पंचम अवरोहात वाकडा आणि थोडाच. पेटीवर गाणी काढणारे 'जाग दर्द-ए-इश्क'मध्ये पंचमावर थांबतात आणि गाणं भीमपलासकडे घसरतं. तानपुरा ॲप वापरत असाल तर बागेश्रीसाठी पहिली तार मध्यमाला लावा, भीमपलाससाठी पंचमाला. नुसत्या एवढ्या बदलानं कान वळणावर येतो.

'अलबेला'तली अंगाई 'धीरे से आजा री अखियन में' पिलूतली, तोही काफी थाटात धरतात. पण तिथे दोन्ही गंधार, दोन्ही निषाद लागतात. 'आझाद'मधलं 'राधा ना बोले' पुन्हा बागेश्री. 'नवरंग'मध्ये मात्र 'आधा है चंद्रमा' आणि 'तू छुपी है कहां' मालकंसात. रिषभ-पंचम वर्ज्य, त्यामुळे तानपुरा मध्यमालाच लावायचा. तो पंचमाला लावून 'आधा है चंद्रमा' गाणारे पुष्कळ ऐकू येतात आणि गायक बेसूर का वाटतोय ते कुणाला कळत नाही.

अर्थात ही सिनेमाची गाणी आहेत. रागाबाहेरचा स्वर आला म्हणून चूक काढू नये. मुखड्यात रागाचं रूप स्पष्ट ठेवायचं आणि अंतऱ्यात शब्दासाठी सैल सोडायचं, हा अण्णांचा रिवाज होता.

मध्यलय
काफीथाट, 'ये जिंदगी उसी की है' चित्रपटात दोनदा येतं, हेही जोडा. एकदा प्रेमाच्या भरात आणि एकदा शेवटी अनारकलीला भिंतीत चिणताना. एकच चाल दोन टोकांना चालते, कारण भाव चालीच्या वळणात आहे, वाद्यांच्या झगमगाटात नाही. शेलॅकच्या मूळ मुद्द्याला याहून चांगला पुरावा मिळायचा नाही.

नवावाचक
शंका मूलभूत आहे, सांभाळून घ्या. 'अनारकली'ची व्हिडिओ प्रत आणि तबकडीवरून घेतलेलं गाणं, दोन्हींची पट्टी वेगळी लागते. पेटीशी दोन्ही जुळत नाहीत. मूळ पट्टी कोणती धरायची?

शेलॅक७८
दोन वेगळी कारणं आहेत, दोन्ही वेगाची.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. पाल (PAL, टीव्ही-व्हिडिओची एक प्रमाण पद्धत) पद्धतीच्या व्हिडिओत तो २५ ने चालवला जातो, म्हणजे चार टक्क्यांहून थोडा जास्त जलद. त्यामुळे सूर साधारण सत्तर सेंटनी चढतो. शंभर सेंट म्हणजे पेटीची एक पट्टी, त्यामुळे काळी एकचं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामध्ये, पांढरी दोनकडे झुकलेलं ऐकू येतं. उपाय: कुठल्याही ध्वनी संपादकात वेग ०.९६ पट करा, आणि तिथे सूर कायम ठेवायचा पर्याय असतो तो बंद ठेवा. वेग आणि सूर दोन्ही एकत्र उतरले पाहिजेत.

तबकडीचं वेगळं. ७८ ची म्हणतात ती ७८.२६ फेऱ्यांची. ती ८० वर फिरवून उतरवली असेल तर अडतीसेक सेंट चढते. जुन्या खटक्याच्या यंत्रांवर वेग हाताने लावलेला असायचा, म्हणून दोन प्रतींत एकच गाणं वेगळ्या सुरात मिळतं. एकाच गाण्याच्या तीनचार प्रती मिळवून वेगवेगळ्या वेगाने उतरवलेल्या ओळखा, आणि वेग दुरुस्त केल्यावर जी पट्टी पेटीच्या पट्टीवर नेमकी बसते ती धरा. पण त्या काळचे वाद्यमेळ आजच्या ४४० च्या प्रमाणावरच (ए हा स्वर म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं) लावलेले असतील असं गृहीत धरू नका. पाच-दहा सेंटचा फरक राहिला तर तो वेगाच्या चुकीत मोजायचा नाही.

नवावाचक
धन्यवाद. आणि तबकडीवर एक अंतरा कमी का असतो?

शेलॅक७८
दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन ते सव्वातीन मिनिटं, ओढून ताणून साडेतीन. सिनेमातलं गाणं त्याहून मोठं असलं तर सुरुवातीचा तुकडा छाटायचा, मधला तुकडा अर्धा करायचा, नाहीतर अंतरा वगळायचा. फार महत्त्वाचं गाणं असेल तर दोन बाजूंवर भाग एक आणि भाग दोन. चाळिशीच्या दशकात तर कित्येकदा तबकडीसाठी वेगळं ध्वनिमुद्रण व्हायचं, त्यामुळे गाणं तेच पण आलाप आणि हरकती वेगळ्या असू शकतात. सिनेमातली प्रत आणि तबकडी यांची तुलना करताना एकीतून दुसरी कापली आहे असं धरून चालू नका.

ऑप्टिकल
ध्वनिमुद्रणाचा विषय निघालाच आहे तर आकडे देतो. पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत मुख्य माध्यम म्हणजे ३५ मिलिमीटरची ऑप्टिकल फिल्म. आवाज प्रकाशाच्या रेषेत निगेटिव्हवर उतरायचा. फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. तीन मिनिटं वीस सेकंदांचं गाणं म्हणजे बरोबर ३०० फूट. हजार फुटांच्या रिळात जेमतेम तीन टेक. आणि फिल्म धुऊन आल्याशिवाय ऐकता येत नाही. म्हणजे टेक चांगला झाला की नाही हे त्याच क्षणी ध्वनिमुद्रकाच्या कानावर आणि संगीतकाराच्या डोळ्यांवर ठरायचं.

गायक आणि सगळा वाद्यमेळ एकदम, एकाच मार्गावर (ट्रॅकवर). शेवटच्या ओळीत ट्रंपेट घसरला तरी सुरुवातीपासून पुन्हा. तुकडा बदलून चिकटवायची सोय नव्हती असं नाही, पण सांधा ऐकू यायचा, विशेषतः तानपुऱ्याचा किंवा व्हायोलिनचा सूर चालू असताना. म्हणून तालमी खूप आणि टेक कमी.

आवाजाचा तोल अंतराने साधायचा. माइक मोजके. गायक माइकजवळ, व्हायोलिन आणि बासरी त्यामागे, तबला-ढोलक बाजूला, ब्रास सगळ्यात मागे आणि बरेचदा माइककडे पाठ किंवा भोंग्यात म्यूट (आवाज दाबणारं बूच) घालून. ट्रंपेट दोन फूट पुढे सरकला की लताबाईंचा आवाज बुडालाच. म्हणूनच या काळच्या गाण्यांत ब्रास गात्या ओळीवर क्वचितच येतो. ओळ संपली की ब्रासचा फटकारा, पुन्हा ओळ. आज ती शैली वाटते, पण अर्धी तरी ती अडचणीतून आली आहे. 'अलबेला' ऐकताना ब्रास नेमका कुठे कुठे बोलतो ते मोजा, पटेल.

चुंबकीय फीत आल्यावर लगेच ऐकण्याची सोय झाली आणि पुन्हा टेक घेणं स्वस्त झालं. 'नवरंग' (१९५९) आणि 'समाधी' (१९५०) एकापाठोपाठ ऐका. 'नवरंग'मध्ये गात्या ओळीमागेही वाद्यं बिनधास्त आहेत.

खर्जातला
ऑप्टिकल, उत्तम. 'समाधी'तल्या 'गोरे गोरे'च्या उसनवारीचा विषय निघाला नाही अजून, नवल आहे. एडमुंडो रॉसच्या 'चिको चिको' या गाण्यावरून मुखड्याचा साचा घेतला आहे, हे दोन्ही ऐकणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत कळतं. ते लपवायचं कारण नाही. लता आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या आवाजांची सवालजवाबासारखी वाटणी मात्र इथली आहे, आणि त्या वाटणीमुळेच गाणं टिकलं असं माझं मत.

काफीथाट
उसनवारी असली तरी 'समाधी'च्याच काळातलं बाकीचं काम बघा. 'सरगम'मध्ये 'जब दिल को सताए गम' लता आणि सरस्वती राणे यांच्याकडून गाऊन घेतलं. किराणा घराण्याची गायिका आणि पार्श्वगायिका शेजारी. अशी जोडी लावताना पट्टीची पंचाईत होते, कारण ख्यालगायिकेचा सोयीचा सा खाली असतो. मधली पट्टी धरून दोघींच्या ओळी वेगळ्या सप्तकात बांधाव्या लागतात.

मध्यलय
'आझाद'बद्दल लिहायला हवं. कोईमतूरच्या पक्षिराजा स्टुडिओचे श्रीरामुलू नायडू यांना गाणी घाईत हवी होती. नौशाद यांनी तेवढ्या वेळात काम घ्यायला नकार दिला आणि अण्णांनी महिनाभरात सगळी गाणी उरकली. घाई दिसते का? 'अपलम चपलम' (लता, उषा मंगेशकर) ऐका. मुखडा दोन शब्दांच्या नादावर फिरतो, वाद्यमेळ आटोपशीर, कोरसची भानगड नाही. वेळ कमी असताना काय सोडायचं हे ठाऊक असलेल्याचं काम आहे. 'कितना हसीं है मौसम' तलत महमूद यांच्यासाठी होतं. ते येऊ शकले नाहीत म्हणून चितळकर स्वतः गायले, आणि तलतच्या ढंगात गायले. पहिल्यांदा ऐकणारा हमखास फसतो. ओळखायची खूण: तलतच्या आवाजातला कंप ओळीच्या शेवटी नैसर्गिक विरतो, इथे तो मुद्दाम घातलेला आहे.

अंतरा_दोन
शाळेच्या कार्यक्रमासाठी अण्णांचं 'ऐ मेरे वतन के लोगों' बसवायचं आहे. मुलींचा समूह, पेटी, तबला, एक कीबोर्ड. काय सांभाळायचं?

काफीथाट
कवी प्रदीपांच्या या गीतात सुरुवातीच्या ओळी मुक्त लयीत आहेत. तिथे तबला नको, फक्त पेटीचा धरलेला सूर. 'जरा आंख में भर लो पानी'पासून ठेका. समूहात मुक्त लय जमत नाही, प्रत्येक मुलगी वेगळ्या वेळी शब्द टाकते. त्या ओळी एकीलाच द्या आणि ठेक्यापासून सगळ्यांना घ्या.

पट्टी ठरवताना मुखड्यावरून ठरवू नका. मुखडा खालच्या भागात आहे, म्हणून सगळे उंच पट्टी धरतात आणि अंतऱ्यात ओरडा होतो. आधी अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर मुलींकडून न ताणता म्हणवून घ्या, तिथून मागे मोजत सा काढा. पूर्ण गाणं सहा मिनिटांहून मोठं आहे, कार्यक्रमात वेळ नसेल तर मधले अंतरे वगळा, पण शेवटची 'जय हिंद की सेना' ठेवा. तिथे लय वाढवायचा मोह होतो, तबलजीला आधीच बजावा. आणि कीबोर्डवर व्हायोलिनचा जाड आवाज लावून सगळ्या ओळी झाकू नका. तुकड्यांपुरता ठेवा.

ऑप्टिकल
'घरकुल' राहिलं. १९७०, राजा ठाकूर यांचा चित्रपट. 'पप्पा सांगा कुणाचे' गदिमांचं, 'मलमली तारुण्य माझे' सुरेश भटांचं, आशाबाईंच्या आवाजात. त्याच चित्रपटात 'हाऊस ऑफ बॅम्बू' या इंग्रजी गाण्याची चालही मराठीत आणली आहे. म्हणजे वीस वर्षांनी पुन्हा तेच दोन रस्ते, फक्त मराठीत. गदिमांबरोबरचं 'गीतगोपाल'ही याच सुमाराचं, तिथे वाद्यमेळ अगदी मोजका आहे. शेलॅकचं म्हणणं तपासायचं तर तिथून ऐकायला सुरुवात करावी, बोंगोपासून नको.

खर्जातला
एक दुरुस्ती, वर 'अनारकली'ची सगळी गाणी सरसकट अण्णांच्या नावावर धरली जाताहेत म्हणून. सुरुवातीला हा चित्रपट खेमचंद प्रकाश यांचे धाकटे भाऊ वसंत प्रकाश यांच्याकडे होता. त्यांचं एक गाणं चित्रपटात राहिलं: 'आ जाने वफा', गीता दत्त यांच्या आवाजात. अण्णांच्या याद्या करताना ते वगळा.